पानावरचा आडवा हात

योकोहामा,
१७ जानेवारी २००७

चि. अंबरीष यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मैथिलीचा खोकला गेला का? तिला म्हणावं, सेंदाईची थंडी अंगावर काढू नकोस, गरम पाण्याची पिशवी पायाशी घेत जा. रुचाचा हलणारा दात पडला की अजून लोंबतोय? नाशिकहून वहिनींच्या गुडघ्याचं काही कळलं का? इथे तुझ्या काकूचं बी.पी. परवापर्यंत ठीक होतं, परवा मैथिलीचा फोन आल्यावर चढलं. माझी पाठ आहे तशीच आहे, हिवाळा संपेतो ती बोलत राहणार.

राहिलास तू. तुझी प्रकृती मी विचारणार नाही. विचारलं की तू 'फाइन आहे काका' म्हणतोस, आणि मग रविवारी भर दुपारी सबवे स्टेशनच्या जिन्यावर आडवा होतोस.

फोनवर मी ओरडतो आणि तू 'हो हो' म्हणतोस, म्हणून कागद घेतलाय. कागदावर हो हो म्हणता येत नाही. मैथिलीने मला सगळं सांगितलंय. एकतीस डिसेंबरला तुझ्या ऑफिसातल्या त्या रशियन पावेलसानकडे नवं वर्ष. सात तारखेला त्यांचा नाताळ. चौदाला पुन्हा नवं वर्ष, या वेळी जुन्या पंचांगाचं! पंधरा दिवसांत दोन नवी वर्षं साजरी करणारी माणसं मी त्रेसष्ट वर्षांत पाहिली नाहीत. त्यांची त्यांना लखलाभ. पण त्यांच्यात चौतीस वर्षांचा, साखरेचा आजार असलेला, माझ्या थोरल्या भावाचा एकुलता मुलगा कशाला बसलाय?

आणि ते गोळ्यांचं काय ऐकतोय मी? चौदाला मेजवानी आहे म्हणून सकाळीच एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्यास? वर व्होडका? अरे, खिचडीत मीठ कमी पडलं म्हणून चिमूट टाकावी तशी गोळी वाढवतोस? जेवण जिरवायला तू दुप्पट गोळी घेतलीस आणि त्या गोळीने दारूशी हातमिळवणी करून तुझी साखर एवढी खाली नेली की स्टेशनातल्या माणसाने तुझ्या तोंडात कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातल्या ज्यूसची बाटली धरली. इंजिनिअर म्हणे! मी मॅट्रिक नापास, तरी वॉर्ड ऑफिसातली मधुमेहाची पत्रकं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलीत. त्यात हे लहान मुलाला कळेल अशा चित्रांत दिलंय.

डॉक्टरांनी सांगितलेलं पुन्हा लिहितो, म्हणजे तुझ्याच घरात कागदावर राहील. तुझी तीन महिन्यांची साखर नऊ पॉइंट चार. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे दोन ठिपके. मार्चअखेर तपासणी. तोवर आकडा सातापर्यंत आला नाही आणि ठिपके वाढले, तर लेझर, इंजेक्शनं, आणि पुढे काय ते तू घरात पाहिलेलं आहेस. दादा शेवटची दीड वर्षं भिंतीला हात लावून न्हाणीघरात जायचा. तू बारा वर्षांचा होतास, विसरला नसशील.

तेव्हा यापुढे रशियन मेजवान्या बंद. अगदीच जावं लागलं तर घरून वाटीभर उसळ खाऊन जा आणि सायकलने जा. इथे सायकलवरसुद्धा पिऊन बसलं तर पोलीस धरतात, हे कारण कुणालाही पटतं.

रागावलेला, पण तुझाच,
सदानंदकाका


सेंदाई,
२२ जानेवारी २००७

ती. सदानंदकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मैथिलीचा खोकला बरा आहे, रुचाचा दात पडला. आईचा गुडघा तसाच. काकूंना सांगा, मी खरंच उभा आहे आणि कामावर जातो आहे.

गोळीबद्दल तुम्ही बोललात ते सगळं मान्य. ती माझी अक्कल होती. डॉक्टरांसमोर कबूल केलं, त्यांनी तुमच्यापेक्षा कमी शब्दांत तेवढंच झाडलं.

पण काका, 'मेजवान्या बंद' हे योकोहामात बसून लिहायला सोपं आहे. पावेल माझा टीम लीडर आहे म्हणून मी जातो असं तुम्हाला वाटतं. तसं नाही. दोन वर्षांपूर्वी मैथिली पोटाच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे दवाखान्यात होती. तेव्हा पावेलची बायको गालिना रोज दुपारी रुचाला पाळणाघरातून आणायची, जेवू घालायची, न्हाऊमाखू घालायची. आम्ही न विचारता. त्या बाईने हाक मारली आणि मी सायकलचं कारण सांगायचं? इथे वीतभर बर्फ आहे. सायकल अंगणात गाडली गेली आहे.

तुमचा उसळीचा सल्ला मी तुम्ही देण्याआधीच पाळला होता. सात तारखेला घरून जेवून गेलो. तिथे टेबलावर बटाट्याचं मेयोनेजमधलं सॅलड, मुरवलेल्या काकड्या, बीटाची गोधडी पांघरलेला मासा, तीन तऱ्हेचे पाव. मला वाटलं हेच जेवण. सगळं मनापासून संपवलं. तेव्हा गालिनाने टेबल आवरलं आणि म्हणाली की आता गरम पदार्थ आणते, जेवायला सुरुवात करू या. म्हणजे माझी त्या दिवशी तीन जेवणं झाली. पुन्हा दर पाच मिनिटांनी कुणीतरी उठून भाषण करतं. आईबापांसाठी, मैत्रीसाठी, बायकांसाठी, दूर असलेल्यांसाठी. प्रत्येक भाषणाला पेला उचलावा लागतो. मी भाषणाशिवाय एक थेंब घेतला नाही. भाषणं अकरा झाली, त्याला मी काय करू?

आणि रागावणार नसाल तर एक लिहितो. रागावाल तरी लिहितो. नाशिकच्या लग्नांमध्ये जिलबीचं ताट घेऊन पंगतीतून कोण फिरायचं? सदानंद वाढायला आला की व्याही हात जोडतात, असं आजी कौतुकाने सांगायची. तुमचा आग्रह तो प्रेमाचा आणि गालिनाचा तो छळ, हे कसं?

मार्चची तपासणी माझ्या लक्षात आहे. डोळेही माझेच आहेत.

प्रकृतीला जपा. पाठीसाठी काकूंना शेक द्यायला सांगा. नेहमीची माया कमी करू नका, एवढंच मागणं.

आपला,
अंबरीष


योकोहामा,
२६ जानेवारी २००७

चि. अंबरीष यास,
आशीर्वाद. या खेपेला एकच.

तुझं पत्र तुझ्या काकूने मोठ्याने वाचलं. जिलबीच्या ओळीवर ती हसली. मला हसू आलं नाही.

माझ्या वाढण्याचा विषय काढायचं तुला काही कारण नव्हतं. ते दिवस वेगळे, ती माणसं वेगळी. तू दारूच्या पेल्याशेजारी माझं जिलबीचं ताट आणून ठेवतोस? वकिली शिकलास की काय तिकडे?

गालिनाबाईंचे उपकार मोठे आहेत, ते मला ठाऊक नव्हते, मैथिलीने तेव्हा सांगितलं नाही याचाही मला राग आला. तीन आठवडे पोरीला परकी बाई सांभाळते आणि योकोहामात काका-काकू टीव्ही बघत बसतात? पण उपकार फेडायला डोळे द्यायचे नसतात. दुसरं काहीही दे. तिला पैठणी ने.

तुझं एकही कारण मी धरत नाही. अकरा पेले भाषणांमुळे झाले म्हणतोस, मग बाकीची माणसं काय अकरा वेळा तुझ्याच वेगाने रिकामी करत होती? सगळेच्या सगळे जिन्यावर आडवे झाले का? नाही ना? मग ती काय करतात ते डोळे उघडे ठेवून बघ. अजून उघडे आहेत तोवर.

मैथिलीला म्हणावं, पुढच्या वेळी तू शेजारी बस आणि मला लिही. तुझ्या लिहिण्यावर माझा भरवसा उरलेला नाही.

सदानंदकाका


सेंदाई,
१९ फेब्रुवारी २००७

ती. काका यांस,
मैथिलीचा शि. सा. न. वि. वि.

तुमची पाठ कशी आहे? काकूंचं बी.पी. आता रोज मोजता का? आम्ही तिघं बरे आहोत, असं लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहिते. मी दोघांवरही चिडलेली आहे. तुमच्यावर आणि ह्यांच्यावर. दोन पुरुष एकमेकांना झणझणीत पत्रं लिहितात आणि साखर मोजायला सकाळी बोट टोचते मी.

काल त्यांच्या उपासाआधीच्या आठवड्याचा शेवटचा दिवस होता. आपल्याकडे धिरडी असतात तशी पातळ, पण लोण्यात भिजवलेली, त्यांची चळत टेबलावर. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी शेजारी बसले आणि ह्यांच्याकडे न बघता बाकीच्यांकडे बघत बसले.

काका, बाकीचं कुणी तेवढं खातच नाही! पावेलच्या ताटात पहिलं धिरडं अर्धं तसंच तासभर होतं. त्याची सासू ल्युदमिलाआजी एक काकडी घेऊन दोन भाषणं काढते. पेला सगळे उचलतात, ओठाला लावतात, पण निम्मेजण अर्धा भरलेला खाली ठेवतात. भरलेल्या पेल्यात कुणी ओतत नाही, भरलेल्या ताटात कुणी वाढत नाही. साधी गोष्ट आहे. अख्ख्या टेबलावर एकच ताट सारखं रिकामं होत होतं. ह्यांचं. धिरडं संपलं की पावाच्या तुकड्याने लोणीसुद्धा पुसून घेतात, ताट आरशासारखं. की गालिनाचा चेहरा फुलतो आणि ती आणखी दोन टाकते. मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन तिने मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं की अंबरीषसान घरी उपाशी असतो का, काही अडचण असेल तर संकोच करू नकोस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येताना मी ह्यांना म्हटलं, पानात टाकत का नाही? अर्धं ठेवून का उठत नाही? हे म्हणाले, ठेवायचं ठरवतो, पण हात थांबत नाही. मग सांगितलं की हे सात वर्षांचे असताना ह्यांनी पानात कारल्याची भाजी टाकली म्हणून तुम्ही ह्यांना दुपारी चारपर्यंत पानावर बसवून ठेवलं होतं. सगळे उठले, भांडी घासून झाली, पाट तेवढा तिथेच. चार वाजता ती भाजी रडत खाल्ली. तेव्हापासून आजवर एकदाही पानात काही टाकलं नाही म्हणाले. हे सांगताना काका, ते अभिमानाने सांगत होते.

आता रुचाही तसंच करते. पोट दुखत असलं तरी शेवटचं शीत उचलते आणि ताट बाबांना दाखवते.

चार मार्चला ल्युदमिलाआजींची साठी आहे. आपल्यासारखीच मोठी करतात. चाळीस माणसं. जायचं नाही असं मी ह्यांना सांगू शकत नाही, त्या बाईच्या मुलीने माझ्या मुलीला भरवलंय. तपासणी सव्वीसला आहे. काय करू ते सांगा. रागवा, पण सांगा.

आपली,
मैथिली


योकोहामा,
२३ फेब्रुवारी २००७

चि. अंबरीष आणि चि. सौ. मैथिली यांस,
अनेक आशीर्वाद.

मैथिली, तुझं पत्र येऊन दोन दिवस झाले. एवढा राग मला तुम्हा कुणाचा कधी आला नव्हता, जेवढा स्वतःचा आला.

कारलं मला आठवतं. मी तेव्हा ओटीवर पेपर वाचत बसलो होतो आणि पोराला वळण लावतोय म्हणून छाती फुगवून होतो.

दुसरं एक आहे, ते अंबरीषला मी कधी सांगितलं नाही. त्याने जिलबीचं लिहिलं तेव्हा मी एवढा का उसळलो, ते त्याला कळायला हवं. एक्याऐंशी साली आमच्या बहिणीच्या, सुचेताच्या लग्नात मी वाढत होतो. दादाला साखर निघून वर्ष झालं होतं. मला ठाऊक होतं, वैद्यांकडे त्याला मीच घेऊन गेलो होतो. पंगतीत माझ्यामागे चार पोरं आरडाओरडा करत होती, सदानंद आलाय, आता कोण सुटतंय. दादाने पानावर आडवा हात धरला. माझ्याकडे वर बघून हसला आणि मान हलवली. मी त्याच्या बोटांवर जिलबी ठेवली. एक नाही, चार. पाक मनगटापर्यंत ओघळला. सगळी पंगत हसली. दादाही हसला. मग त्याने हात काढला, चारी जिलब्या पानात घेतल्या आणि संपवल्या. पानात टाकायचं नाही, हे आम्हा दोघांनाही एकाच बापाने शिकवलेलं.

दादाचे डोळे चार जिलब्यांनी गेले नाहीत. पत्रकांत वाचलंय, मला समजतं. पण त्याच्या घरी रोजच कुणी ना कुणी त्याच्या हातावर वाढत होतं, आणि त्यातला सगळ्यांत हौशी मी.

मी गालिनाबाईंना शिव्या घालत होतो. त्या बाईला कुणी सांगितलेलंच नाही की हा आजारी आहे. तू सांगितलंस का रे गधड्या? नाही. कारण पाहुण्याने यजमानासमोर आपलं दुखणं काढू नये, हेही मीच शिकवलं असणार.

पाठीमुळे मला गाडीत अडीच तास बसवत नाही, नाहीतर येऊन तुझ्या शेजारी बसलो असतो. म्हणून दोन गोष्टी पाठवतो.

एक, सोबत गालिनाबाईंना जपानीत, सोप्या हिरागाना लिपीत चिठ्ठी आहे. तिला हिरागाना वाचता येते असं मैथिलीने फोनवर सांगितलं. माझी अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून शिकलेली आहेत, चुका असतील, पण अर्थ पोचेल. ती तू हातात द्यायचीस. घडी घालून कोटात ठेवायची नाही.

दोन, माझी आज्ञा. चार मार्चला एकदाच वाढून घे. मासा घे, काकडी घे, कोबी घे. आणि अर्ध्यावर हात काढ. पानात टाक. भरलेलं ताट समोर ठेवून शेवटपर्यंत बस. चुळबुळ झाली तर हात मांडीखाली घे. ज्या तोंडाने तुला चारपर्यंत बसवलं त्याच तोंडाने सांगतोय. रुचालाही हेच सांग. पेल्यात पाणी. गोळी एक. एक म्हणजे एक.

गेल्या खेपेच्या पत्राबद्दल मनात काही ठेवू नका.

सदानंदकाका


सेंदाई,
५ मार्च २००७

ती. सदानंदकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी घराबाहेर जाऊन बर्फातून एक चक्कर मारून आलो. तुम्ही मला हे वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. याचा मला राग आहे आणि तो आणखी काही दिवस राहील. बाबांच्या हातावर पाक ओघळल्याचं मलाही आठवतं. मी पंगतीत शेजारीच होतो. मीही हसलो होतो.

आता कालचं.

चिठ्ठी मी दारातच दिली. मला वाटलं ती नंतर वाचेल. गालिनाने तिथेच उघडली, बोट ठेवून एकेक अक्षर लावलं, मग आत जाऊन चाळीस माणसांसमोर रशियनमध्ये मोठ्याने वाचून दाखवली! योकोहामाच्या काकांचं पत्र आहे म्हणून. माझ्या पुतण्याचे डोळे धोक्यात आहेत, तुमचं अन्न उत्तम आहे म्हणूनच तो थांबत नाही, हा दोष आमच्या घरच्या वळणाचा आहे, तुमचा नाही, त्याला वाचवायला मला मदत करा, असं तुम्ही लिहिलंय हे मला पावेलने भाषांतर केल्यावर कळलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तुमच्यावर इतका चिडलो होतो की पहिली दहा मिनिटं भूकच लागली नाही. हाही तुमचा बेत असेल तर बेत चांगला होता.

पावेलने पेल्यात पाणी भरलं. गालिना पदराला, म्हणजे एप्रनला, डोळे पुसत मैथिलीला रागावली की एवढे दिवस सांगितलं का नाही. मग ल्युदमिलाआजींनी मला उठवून आपल्याशेजारी बसवलं. उत्सवमूर्तीच्या शेजारी, काका. एकदाच वाढून घेतलं. अर्धं खाल्लं आणि हात मांडीखाली घेतले. तुम्हाला हसू येईल, पण कारल्यापुढे बसलो होतो त्याहून ते कठीण गेलं. ताटात बटाट्याचं सॅलड, अर्धा सारण भरलेला पाव आणि माशाचा तुकडा होता. दोनदा हात बाहेर आला. दोनदा आजींनी न बघता माझ्या मनगटावर चमच्याची दांडी मारली.

मग पावेलचा एक मित्र व्लादिवोस्तोकहून आलेला, उशिरा पोचलेला, चिठ्ठीच्या वेळी नव्हता. तो बाटली घेऊन भाषण करत फिरत होता. माझ्याजवळ आला, माझ्या पेल्यातलं पाणी बघून त्याला संताप आला, त्याने ते फुलदाणीत ओतलं आणि बाटली वाकवली. आजींनी एक हात पेल्यावर ठेवला. दुसरा माझ्या ताटावर आडवा धरला. नुसतं त्याच्याकडे वर बघून मान हलवली.

तो थांबला, काका. बाटली सरळ केली आणि पुढे गेला. एवढंच झालं.

रुचाने गाजर टाकलं आणि सगळ्यांना जपानीत जाहीर केलं की ही योकोहामाच्या आजोबांची आज्ञा आहे.

तपासणीनंतर लिहितो. पाठीला जपा, आणि माझ्या रागाचं मनावर घेऊ नका. माया आहे म्हणूनच तो आहे.

आपला,
अंबरीष


योकोहामा,
२९ मार्च २००७

चि. अंबरीष यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फॅक्सवर रिपोर्ट मिळाला. सात पॉइंट आठ. ठिपके दोनाचे दोनच. मैथिली फोनवर आनंदाने ओरडत होती, काकूने देवापुढे साखर ठेवली. ती मी उचलून डब्यात टाकली. पेढे वाटण्याजोगं काही झालेलं नाही. डॉक्टरांनी सात सांगितलं होतं. जूनमध्ये पुन्हा तपासणी आहे आणि मधे त्यांचं ईस्टर, त्यानंतर नऊ मेचा विजयाचा दिवस आहे, मी कॅलेंडर आणून सगळे सण लाल पेनाने भरलेत. सैल पडलास तर पाठीचा पट्टा बांधून येईन, आणि चाळीस काय चारशे माणसांसमोर पत्र वाचायला लावीन.

तुझा राग पोचला. तो रास्त आहे. ठेव, लागेल तेवढे दिवस ठेव.

ल्युदमिलाआजींना पार्सलने एक शाल पाठवली आहे, त्यांच्या हातात दे आणि माझा नमस्कार सांग. त्या बाटलीवाल्यालाही सांग. त्याच्यामागे काय कमी आरडाओरडा असेल? तरी तो थांबला.

तुझं पत्र आल्यापासून रोज ठरवत होतो, आज केलं. दुपारी पानात एक घास टाकला. आमटीभाताचा, मुद्दाम, भूक असताना. जन्मात पहिल्यांदा. काकूने घाबरून कपाळाला हात लावून बघितला. मी पानापुढे बसून राहिलो. भात वाळत गेला. घड्याळात चार वाजले तेव्हा उठलो.

तू या महिन्यात काय काय टाकलंस ते एकेक करून लिही. लवकर लिही, रे. वाट बघतोय.

सदानंदकाका